धूर कुठून जायलाय

मी लिहिलं : डोंगराच्या पोटात
खुज्यांचं एक नगर आहे,
सात हजार दिवे, सोनं वितळवणाऱ्या भट्ट्या,
अधांतरी पाषाणाचे पूल.

तिमप्पामामानं नकाशा उन्हात धरला.
अक्षर त्याला लागत नाही, रेघ लागते.
तंबाखूचं बोट धोतराला पुसून
भट्ट्यांवर टेकवलं.
"ह्येचा धूर कुठून जायलाय?"

मामा, गोष्ट आहे ती.
"हाय ना. पर तुझ्या गोष्टीत लेकरं खोकायलेत."

खरोशापासून औशापर्यंत
एकशे चाळीस विहिरी त्याच्या हातच्या.
जुन्या विहिरीत उतरायच्या आधी
तो दोरानं कंदील सोडतो.
कंदील विझला की माणूस वरच थांबतो.
माझे सात हजार दिवे
तीनशे पानं एकसारखे जळत होते.
मी एकदाही खाली कंदील सोडला नव्हता.

"मलबा कुठं टाकला?"
कसला मलबा?
"एक ब्रास खडक फोडला की दीड ब्रास होतो, बाई.
दगड मोकळा झाला की फुगतो, माणसावानी.
एवढं नगर पोखरलं
म्हंजी बाजूला दुसरा डोंगर पायजे."
मी पेन्सिलीनं दुसरा डोंगर काढला.
तो बघत राहिला.
"आता दुश्मनाला लांबूनच कळंल, हितं कुणीतरी राहतंय."

मग पाणी.
काळ्या खडकाखाली गेरूचा तांबडा पट्टा,
पाझर तिथूनच फुटतो,
राजाचं सिंहासन नेमकं तिथंच.
मग परसाकडं.
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
एकाही प्रकरणात कुणी गेलंच नव्हतं.

"उंची किती ह्यांची?"
साडेतीन फूट.
"मग सत्तर फुटाचं दालन कुणासाठी?"
भव्य वाटावं म्हणून, मी म्हटलं,
आणि माझं मलाच कसंतरी झालं.
"आन खांब कुणी बांधले?"
कारागिरांनी.
"खांब बांधत नसतेत गं.
खांब सोडतेत.
भवतालचं सगळं काढायचं,
तेवढं तेवढं सोडायचं.
कुठं हात थांबला, ते काम."

चहा निवला. सायीवर माशी.
मी विचारलं, आणि भूकंप झाला तर?

तो थोडा वेळ छिन्नीची धार बघत बसला.
त्र्याण्णव साली तो किल्लारीच्या अंगाला
कामावर होता, विहिरीच्या काठावर पाल ठोकून.
पहाटे विहीर जशीच्या तशी होती.
गाव नव्हतं.
यारीचा दोर सोडवून ते पळत गेले.
चार पहारी, एक सब्बल.
"लोक दिसंल तो दगड ओढायलेले.
मी म्हणायलो, थांबा.
आधी कुठला उचलायचा
ते बघावं लागतंय.
चुकीचा उचलला की वरचा खाली येतो."
किती निघाले, ते त्यानं सांगितलं नाही.
मीही मोजायला लावलं नाही.
"दुसरी वाट ठिव," एवढंच म्हणाला.
"एका तोंडाचं गाव करू नको."

रात्री मी नगर पुन्हा खणलं.
छत खाली आणलं, पूल काढून टाकले,
सिंहासन कोरड्यात सरकवलं,
संडास उताराच्या टोकाला,
पूर्वेला दुसरी वाट, रांगत जाण्याइतकी.
सहा हजार दिवे विझवले. बरं वाटलं.
मलबा ओढ्यात सोडला, रोज थोडा थोडा,
पावसाळ्यात गढूळ पाणी
कुणी संशयानं बघत नाही.

राहिला धूर.
पहाटे सुचलं :
धुराडं तिरकं न्यायचं, लांब,
आणि बाहेर काढायचं ज्वारीच्या रानात.
वाटेनं जाणारा म्हणेल,
कुणीतरी हुरडा भाजायलंय.

धावत जाऊन मामाला दाखवलं.
तो हसला. पहिल्यांदाच हसला.
पाटीत हत्यारं भरत,
आगटीकडं बघितल्यासारखं
माझ्या रेघेच्या टोकाकडं बघत म्हणाला,
"झ्याक.
पर हुरडा पौषात.
चैतात काय सांगतीस?"